विलीन कंपनीचे दप्तर

चेन्नई शहराच्या दक्षिण अंगाला वेलचेरी नावाचे उपनगर आहे. तेथील दंडीश्वराच्या देवळाच्या भिंतींवर चोळ राजांच्या काळातील शिलालेख आहेत. देवाला दिलेले दान पुढील पिढ्यांना नाकारता येऊ नये, म्हणून त्या काळच्या माणसांनी त्याची नोंद दगडावर कोरवून घेतली आणि शतकांमागून शतके लोटली तरी जाणकाराला ती आजही वाचता येते. याच वेलचेरीत, तळे आणि पाणथळ यांच्या काठी, गेल्या काही दशकांत मोठाल्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांत संगणकावर चालणारे व्यवसाय आले, हिशेबनिसांची आणि सल्लागारांची कार्यालये आली. २०१५ च्या डिसेंबरच्या आरंभी चेन्नईत जो महापूर आला त्यात वेलचेरीचे रस्ते आणि तळमजले पाण्याखाली गेले. २०२३ च्या डिसेंबरात मिचाँग वादळाच्या पावसाने तोच अनुभव पुन्हा दिला. पाणी ओसरल्यावर माणूस आधी घरातली माणसे मोजतो, मग भांडीकुंडी, मग वाहन. कार्यालयातील कागदांच्या कपाटाची आठवण त्याला सर्वांत शेवटी होते.

हे स्वाभाविकच आहे. शिवाय ते कागद एखाद्या चालत्या कंपनीचे असतील तर फारसे बिघडतही नाही. बँकेकडून, गिऱ्हाइकाकडून, कंपनी निबंधकाच्या कचेरीतून प्रती मिळवता येतात. आणि ज्याला विचारावे अशी माणसे जागेवर असतात. परंतु ते कागद दुसऱ्या कंपनीत विलीन होऊन संपून गेलेल्या कंपनीचे असतील, तर प्रश्न वेगळा होतो. त्या कंपनीचा पत्ता राहिलेला नसतो, शिक्का राहिलेला नसतो, संचालक पांगलेले असतात. तिच्या वतीने बोलू शकेल असे एकच काही उरलेले असते, आणि ते म्हणजे तिचे दप्तर.

विलीनीकरण म्हणजे नेमके काय होते, हे येथे थोडे स्पष्ट केले पाहिजे. कंपनी बुडते तेव्हा तिची देणी-घेणी मोजून, उरलेसुरले वाटून तिचा व्यवहार रीतसर गुंडाळला जातो. विलीनीकरणात असे गुंडाळणे होत नाही. न्यायासनाच्या आदेशाने एका कंपनीची मालमत्ता, कर्जे, करार, चालू दावे आणि नोकरवर्ग हे सारे दुसरीकडे जाते, आणि पहिली कंपनी व्यवहार न गुंडाळताच विसर्जित होते. हा आदेश पूर्वी उच्च न्यायालये देत असत. २०१६ च्या डिसेंबरपासून ते काम राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे आले. संपत्तीबरोबर जबाबदारीही जाते, ही यातील मुख्य गोष्ट. आणि जबाबदारी किती, कोणाची, केव्हापासूनची, हे कागदाखेरीज कोण सांगणार?

मराठी माणसाला हा विचार नवा वाटू नये. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा इंग्रजांनी पेशव्यांचे दप्तर जपून ठेवले, ते इतिहासाच्या प्रेमाने नव्हे. कोणाचे इनाम खरे, कोणाचे वतन किती, हे त्या रुमालांतूनच ठरणार होते. पुढे १८५२ मध्ये इनाम कमिशन बसले तेव्हा याच कागदांच्या आधारे अनेकांची इनामे तपासली गेली आणि कित्येकांची गेलीही. गिळणाऱ्याला गिळलेल्याचे दप्तर लागते. मात्र ते केवळ त्याच्याच सोयीसाठी राहिले तर दुबळ्या पक्षाचे काय होते, याचा तो धडा होता.

कंपन्यांच्या बाबतीत हा तोल साधण्याचे काम कायद्याने १९६५ मध्ये केले. १९५६ च्या कंपनी कायद्यात त्या वर्षी ३९६-अ हे कलम घालण्यात आले. विलीन झालेल्या, किंवा जिचे भाग दुसऱ्या कंपनीने घेतले अशा कंपनीच्या हिशेबाच्या वह्या आणि कागदपत्रे केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीवाचून नष्ट करू नयेत, असा त्याचा आशय. २०१३ च्या नव्या कायद्यात तेच तत्त्व २३९ व्या कलमात आले आहे. परवानगी देण्याआधी सरकार एखादा माणूस नेमून ते दप्तर तपासून घेऊ शकते: कंपनीच्या स्थापनेत, कारभारात, किंवा खुद्द विलीनीकरणात काही गुन्हा घडल्याचा पुरावा त्यात दडला आहे काय, हे पाहण्यासाठी. कलम अगदी लहान आहे. परंतु मोठमोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्यांत आठ वर्षांचा नियम सर्वांना पाठ असतो आणि या कलमाची आठवण सहसा होत नाही.

तो आठ वर्षांचा नियम असा. चालू कंपनीने जमाखर्चाच्या वह्या आणि त्यांना जोडलेली व्हाउचरे मागील किमान आठ आर्थिक वर्षांची ठेवली पाहिजेत. चौकशी लागली असेल तर सरकार ही मुदत वाढवू शकते. सभांची इतिवृत्ते आणि भागधारकांची नोंदवही यांना मात्र मुदत नाही, ती कायमची. कंपनी सचिवांच्या संस्थेचे जे सभाविषयक मानक २०१५ पासून बंधनकारक झाले, त्यात आणखी एक स्पष्टीकरण आहे. विलीन कंपनीची इतिवृत्तेही, ती कंपनी विसर्जित झाली असली तरी, सामावून घेणाऱ्या कंपनीने कायमची जपावयाची आहेत. आपल्याकडील सरकारी अभिलेखांत ‘अ’ वर्गाचे कागद कायम आणि ‘ड’ वर्गाचे वर्षभर, अशी जी प्रतवारी असते, तिच्याशी परिचित असलेल्याला ही रचना ओळखीची वाटेल.

आठ वर्षे हा आकडा ऐकायला भरपूर वाटतो. तो पुरतो का, हे पाहण्यासाठी वेलचेरीहून फार दूर जायला नको. चेन्नईच्याच पॉन्ड्स (इंडिया) कंपनीचे १९९८ मध्ये मुंबईच्या हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीनीकरण झाले. पॉन्ड्सबरोबर कोडाईकॅनॉल येथील तापमापक तयार करण्याचा कारखानाही हिंदुस्थान लिव्हरकडे आला. हा कारखाना १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतून तेथे हलविलेला होता, आणि तापमापकात पारा असतो. २००१ च्या मार्चमध्ये पारामिश्रित काचेचा भंगार माल गावात सापडल्यावर कारखाना बंद झाला. जमीन किती दूषित झाली, कामगारांच्या प्रकृतीवर परिणाम झाला की नाही, हा वाद मद्रास उच्च न्यायालयात गेला. तो २०१६ च्या मार्चमध्ये ५९१ माजी कामगारांशी झालेल्या समझोत्याने मिटला. कामगारांच्या प्रकृतीवर पाऱ्याचा दुष्परिणाम झाल्याचे कंपनीने मान्य केले नव्हते. मानवतेच्या विचाराने आपण हे करीत आहोत, अशी तिची भूमिका होती. त्या वादाचा गुणदोष ठरविणे येथे प्रस्तुत नाही. प्रस्तुत आहे ते एवढेच की, विलीनीकरणानंतर अठरा वर्षांनीही प्रश्न उभा होता तो आधीच्या कंपनीच्या काळातील कामाविषयी. अशा प्रश्नात पारा किती आणला, किती माल झाला, किती वाया गेला, कोणता कामगार कोणत्या खात्यात किती वर्षे होता, वैद्यकीय तपासणीत काय आढळले, याची वही लागते. ती वही ज्याच्या हाती आहे त्याच्या बाजूने ती बोलेल की विरुद्ध, हे ती उघडल्यावाचून कळत नाही. आणि म्हणूनच ती राखण्याचा निर्णय केवळ तिच्या धन्यावर सोडणे बरे नव्हे.

दुसरे उदाहरण मुंबईचे, आणि त्यात पैशाचा प्रश्न आहे. हमाम आणि ५०१ या साबणांमुळे घरोघरी ठाऊक असलेली टाटा ऑइल मिल्स, म्हणजे टॉम्को, हिच्या विलीनीकरणाची योजना १९९३ मध्ये संचालकांनी मंजूर केली. टॉम्कोच्या १५ भागांमागे हिंदुस्थान लिव्हरचे २ भाग, असे प्रमाण ठरले. कामगार संघटनेने, काही भागधारकांनी आणि ग्राहकांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हरकती घेतल्या. भागांची किंमत ठीक काढलेली नाही, हा एक मुख्य आक्षेप होता. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विलीनीकरणास मान्यता देणारा निर्णय कायम केला. येथे वाद संपावयास हवा होता. परंतु महाराष्ट्र शासनाने त्या आदेशावर मुद्रांक शुल्क मागितले. न्यायालयाचा आदेश हा खरेदीखतासारखा दस्तऐवज होय काय, हा प्रश्न पुन्हा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००३ च्या नोव्हेंबरात त्याचा निकाल शासनाच्या बाजूने लागला. योजनेपासून दहा वर्षे झाली होती. आठ वर्षांच्या हिशेबाने वागणाऱ्या एखाद्या कारकुनाने तोपर्यंत मूल्यनिर्धारणाची टिपणे रद्दीत घातली असती, तर नियमाच्या भाषेत त्याला दोष देणेही कठीण गेले असते!

आता याच प्रमाणाकडे एका साध्या घराच्या बाजूने पाहावे. आजोबांच्या ट्रंकेत टॉम्कोचे शंभर भागांचे प्रमाणपत्र सापडले. पंधरास दोन या प्रमाणाने त्यांचे तेरा पूर्ण भाग होतात आणि एका भागाचा तिसरा हिस्सा उरतो. असा अपूर्णांक बहुधा रोख रकमेत चुकता केला जातो. ते तेरा भाग आजोबांच्या नावे चढले होते काय? पत्ता बदलल्यामुळे परत आले होते काय? लाभांश लागोपाठ सात वर्षे कोणी उचलला नसेल, तर आजच्या कायद्याने भाग सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे जातात. तेथून ते परत मागता येतात, पण मागणाऱ्याने हक्क दाखविला पाहिजे. नातवाकडे असलेला कागद अशा कंपनीचा आहे की जी आता नाही. त्याचा सारा भरवसा विसर्जित कंपनीच्या भागधारक-नोंदवहीवर आहे.

निवृत्त कामगाराची गोष्टही अशीच. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १९९५ च्या नोव्हेंबरात सुरू झाली. प्रत्यक्ष पगाराच्या प्रमाणात वाढीव निवृत्तिवेतन मागण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय २०२२ च्या नोव्हेंबरात आला, आणि मग हजारो घरांत जुन्या पगाराच्या तपशिलांची शोधाशोध सुरू झाली. पगारपत्रक आठ वर्षांचे ठेवायचे की नोकराच्या हयातीपुरते, हा प्रश्न तेव्हा अनेकांना प्रथमच सुचला.

येथपर्यंतचे सारे विवेचन ऐकून कोणी म्हणेल, मग सगळेच ठेवावे. हा उपाय सोपा दिसतो, आणि तोही चुकीचा आहे. कारण विलीनीकरणाच्या दप्तरात असे पुष्कळ कागद असतात की जे राखणे हाच दुसऱ्यावर अन्याय ठरतो.

सौदा ठरण्यापूर्वी विकणाऱ्या कंपनीला आपले अंतरंग परक्यापुढे उघडावे लागते. पूर्वी याकरिता वकिलाच्या कचेरीत एक खोली बंद करून घेत. तिच्यात करार, कर्जरोखे, दाव्यांचे कागद मांडून ठेवीत. दारावर माणूस बसे, येणाऱ्याचे नाव आणि वेळ नोंदवी, आणि प्रत काढू देत नसे. ‘डेटा रूम’ हे नाव या खोलीचे. आता खोली गेली आणि नाव उरले. कागद संगणकावर ठेवतात, आणि कोणी कोणते पान केव्हा उघडले, याची नोंद यंत्रच करते. समजा, पाच जणांनी विकत घेण्याची तयारी दाखविली आणि सौदा एकाशी झाला. उरलेल्या चौघांनी प्रतिस्पर्ध्याची गिऱ्हाइके, दर आणि पगार पाहिलेले असतात. म्हणून गुप्ततेच्या करारात पहिल्याच दिवशी अट घातलेली असते की, सौदा फिसकटल्यास मिळालेले कागद परत करावेत किंवा नष्ट करून तसे लिहून द्यावे. बहुधा एक सवलत ठेवतात: पुढे वाद झाला तर उत्तर देता यावे म्हणून एक प्रत विधी विभागाच्या कुलपात राहू द्यावी, आणि यंत्राने आपोआप काढलेल्या राखीव प्रती त्यांच्या क्रमाने पुसल्या जाव्यात. ही सवलत वाजवी आहे. मात्र ते कुलूप कोणाच्या हाती आहे, हे करारात लिहिण्याची तसदी थोडेच लोक घेतात.

गुप्त माहिती कोणाला केव्हा कळली, या एका प्रश्नावर सारे प्रकरण कसे उभे राहते, हे १९९६ च्या मुंबईतील प्रसंगाने दिसले. ब्रुक बॉन्ड लिप्टन इंडिया ही कंपनी आणि हिंदुस्थान लिव्हर, दोन्ही युनिलिव्हरच्या छत्राखालच्या. हिंदुस्थान लिव्हरने २५ मार्च १९९६ रोजी ब्रुक बॉन्ड लिप्टनचे आठ लाख भाग युनिट ट्रस्टकडून विकत घेतले. दोन्ही कंपन्यांच्या विलीनीकरणाची घोषणा १९ एप्रिल रोजी झाली. विलीनीकरणाची आतली माहिती हाती असताना ही खरेदी झाली, असे ठरवून सेबीने १९९८ च्या मार्चमध्ये कंपनीविरुद्ध आदेश दिला. कंपनीने अपील केले, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये अपील अधिकाऱ्यांनी तो आदेश रद्द केला. विलीनीकरणाची वार्ता वृत्तपत्रांतून आधीच फुटलेली होती, हे त्यात महत्त्वाचे ठरले. निकाल कोणाला पटो वा न पटो, एक गोष्ट निर्विवाद आहे. अशा वादात तारीख हाच पुरावा असतो. कोणत्या बैठकीत विषय प्रथम निघाला, टिपण कोणी लिहिले, कोणाकडे गेले, हे मागाहून आठवून सांगितलेले कोणी मानत नाही.

सेबीने २०१५ मध्ये केलेल्या नियमांत पुढे याची तरतूद झाली. २०१९ च्या एप्रिलपासून प्रत्येक नोंदणीकृत कंपनीला संगणकावर एक नोंदवही ठेवावी लागते. कोणती अप्रसिद्ध माहिती कोणाला दिली, त्या व्यक्तीचे नाव आणि आयकर खात्याने दिलेला क्रमांक तीत लिहावयाचा असतो. नोंद केल्याची वेळ आपोआप उमटली पाहिजे, आणि मागाहून केलेला फेरफार लपता कामा नये. ही वही कंपनीने स्वतःजवळच ठेवावयाची, बाहेरच्या कोणाकडे सोपवावयाची नाही. व्यवहार पुरा झाल्यापासून किमान आठ वर्षे ती राखावयाची. चौकशी सुरू झाल्याचे सेबीने कळविले तर चौकशी संपेपर्यंत.

‘चौकशी संपेपर्यंत’ हे शब्द वरवर साधे दिसतात, पण दप्तर राखण्याच्या साऱ्या शास्त्राचा कणा तेथे आहे. नाशाचे वेळापत्रक कितीही काटेकोर असो, वाद दिसू लागताच ते थांबले पाहिजे. न थांबल्यास काय होते, ते अमेरिकेत दिसले. दाभोळच्या वीज प्रकल्पामुळे महाराष्ट्राला परिचित असलेली एन्रॉन कंपनी २००१ मध्ये कोसळू लागली. तिचे हिशेब तपासणाऱ्या आर्थर अँडरसन या जगप्रसिद्ध पेढीने त्या ऑक्टोबरात आपल्या नोकरांना कागद किती काळ ठेवावेत याविषयीच्या नियमाची आठवण करून दिली. नियम खराच होता. आठवणीची वेळ मात्र नेमकी चौकशीच्या तोंडावरची होती. ढिगांनी कागद यंत्रात घालून फाडले गेले. २००२ मध्ये पेढी दोषी ठरली. २००५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, पंचांना कायदा नीट समजावून दिला नव्हता या कारणाने, तो निकाल फिरविला. परंतु तोवर गिऱ्हाइके निघून गेली होती आणि पेढी जवळजवळ संपली होती. नियमाचे पालन केव्हा केले, हेही नियमाइतकेच पाहिले जाते.

विरुद्ध दिशेने ओढणारा एक नवा कायदा आता आपल्याकडे आला आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार, ज्या कामासाठी व्यक्तीची माहिती घेतली ते काम संपल्यावर, दुसरा कायदा ती राखावयास सांगत नसेल तर, ती पुसून टाकली पाहिजे. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले असून बंधने टप्प्याटप्प्याने लागू करण्याची योजना आहे. विलीन कंपनीच्या दप्तरात नोकरांचे आजार, कर्जे, कौटुंबिक तपशील असतात. सौद्याच्या काळात पाहणी करणाऱ्याने काढलेली त्यांची नक्कल सौदा पुरा होताच नाहीशी व्हावी, आणि मूळ पगारपत्रक मात्र कामगाराच्या हक्कापोटी राहावे, असा भेद करावा लागतो. तो कपाटांच्या संख्येवरून होत नाही. कोणी तरी बसून, यादी करून, प्रत्येक प्रकारच्या कागदापुढे मुदत, तिचे कारण आणि जबाबदार माणसाचे पद लिहावे लागते. हे काम विलीनीकरणाच्या दिवसांतच उरकले पाहिजे. जुन्या कंपनीचा माहीतगार कारकून तेव्हा अजून नोकरीत असतो. पुढच्या वर्षी तो नसतो.

संगणकामुळे पुराचे भय कमी झाले, हे खरे. जमाखर्च संगणकावर असेल तर त्याची राखीव प्रत भारतातच असलेल्या यंत्रावर रोज काढली पाहिजे, असा नियम २०२२ पासून आहे. पण विलीन कंपनीची जुनी वही ज्या पद्धतीच्या यंत्रावर लिहिली गेली ते यंत्र नवी कंपनी लवकरच मोडीत काढते, आणि मग अक्षरे सुरक्षित असूनही ती वाचता येत नाहीत. मोडी लिपी वाचणारा माणूस न मिळाल्याने अडलेल्या कुळकर्ण्याच्या दप्तरासारखीच ही अवस्था. त्यात पुन्हा विलीनीकरणांची साखळी असते. ब्रुक बॉन्ड लिप्टन ही स्वतःच ब्रुक बॉन्ड आणि लिप्टन यांच्या १९९३ मधील एकत्रीकरणातून झालेली होती. ती पुढे तीन वर्षांत हिंदुस्थान लिव्हरमध्ये गेली, आणि त्या कंपनीचे नावही २००७ मध्ये हिंदुस्थान युनिलिव्हर झाले. एखाद्या जुन्या चहा-कंपनीच्या भागधारकाचा वारस आज पत्र लिहील, तेव्हा ते तीन नावे ओलांडून योग्य रुमालापर्यंत पोचले पाहिजे.

ज्या कंपन्यांत हे काम नीट चालते, तेथे एक जादा वही ठेवलेली आढळते. सरकारच्या परवानगीने जे कागद नष्ट केले त्यांची यादी, परवानगीचा क्रमांक आणि दिनांक, कोणासमक्ष आणि कोणत्या रीतीने नष्ट केले त्याचा तपशील, असे तीत असते. बाकी कपाट रिकामे झाले तरी ही वही कायम वर्गात ठेवतात. वारसाला ‘कागद सापडत नाही’ एवढेच उत्तर मिळाले, तर त्याचा संशय वाढतो. अमुक साली, अमुक परवानगीने तो नष्ट केला, असे उत्तर मिळाले तर निदान पुढे कोठे विचारावे हे त्याला कळते.